उंचीची पत

जून उजाडला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही कॉलेजात दोन माणसे नव्या मुलांच्या गर्दीकडे टक लावून बघत असतात. एक कँटीनचा मालक आणि दुसरे जिमखान्याचे सर. मालकाची नजर गर्दीवरून फिरते, सरांची गर्दीच्या वरून. प्रवेश आता संगणकावर होतात, रांगा राहिल्या नाहीत, त्यामुळे सरांची थोडी पंचाईत झाली आहे. तरीही वर्गाच्या दारातून आत शिरताना मान किंचित वाकवणारा मुलगा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ‘काय रे, बास्केटबॉल खेळतोस का?’ हा प्रश्न त्या मुलाला तोपर्यंत सोसायटीत, लग्नकार्यात आणि लोकलच्या डब्यात शेकडो वेळा विचारून झालेला असतो. फरक एवढाच, की या वेळी विचारणारा खरोखर उत्तराची वाट पाहत असतो.

कारण सरांना सेंटर हवा असतो. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात. त्यातला सर्वांत उंच जो असतो, तो बहुधा रिंगच्या जवळ, रिंगकडे पाठ करून उभा राहतो. त्याला सेंटर म्हणतात. जुने खेळाडू अजूनही पिव्होट म्हणतात. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. ती सगळ्यांसाठी तेवढीच उंच, पण सेंटरसाठी थोडी कमी उंच. हुकलेला चेंडू बोर्डावरून परत आला की तो पकडायचा, समोरच्याचा नेम रिंगजवळ अडवायचा आणि आपल्या वाट्याला आलेला चेंडू जवळून आत टाकायचा, ही त्याची कामे. संघात चपळ मुले चार मिळतात, उंच मुलगा एखादाच. म्हणून हंगाम संपताच चर्चा सुरू होते : पुढच्या वर्षी सेंटर कोण?

माझी नोकरीतली बरीच वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. समोरच्या माणसाजवळ आज काय आहे हे कागदावर दिसते. तो पुढच्या वर्षी काय करील हे दिसत नाही, आणि कर्ज तर त्यावरच द्यायचे असते. निवृत्तीनंतर संध्याकाळच्या फेरीत वाटेतल्या बास्केटबॉल कोर्टाच्या जाळीपाशी थांबायची सवय लागली, तेव्हा लक्षात आले, की जिमखान्याचे सर नेमके हेच काम करत असतात. त्यांच्यापुढचा प्रस्ताव घामाघूम असतो एवढेच.

उपनगरांतल्या कोर्टांवर सेंटरचे तीन नमुने हमखास दिसतात. ही कोणी विशिष्ट मुले नव्हेत. दर दोन-तीन वर्षांनी नावे बदलतात, नमुने तेच राहतात.

पहिला नमुना सहा फूट पाच इंचांचा. वय सतरा. गेल्या दीड वर्षात भराभर वाढलेला, हातपाय लांबसडक, अंगावर मांस नाही. त्याच्या मापाचे बूट गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत आणि घरातल्या दिवाणावर तो तिरका झोपतो. खेळायला लागून त्याला जेमतेम सहा महिने झालेले. दुसरा नमुना सहा फूट एक-दोन इंचांचा. शाळेपासून खेळलेला, खांद्याने रुंद, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला. त्याची उंची आता वाढणार नाही हे त्याला आणि सरांना, दोघांनाही ठाऊक आहे. तिसरा नमुना मुलीचा. पाच फूट दहा इंच, थोडी पोक काढून चालणारी. उंची लपवायची सवय तिला आठवी-नववीपासून लागलेली असते.

या तिघांत पुढच्या हंगामाची आशा कोणाकडून धरावी? कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा. नऊ जण पहिल्याकडे बोट दाखवतील. दहावा त्याचा मामा असेल, तोही त्याच्याकडेच दाखवील.

उंचीबद्दलची ही भोळी श्रद्धा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखा प्रकार. तिथे तर सेंटरांच्या तुलनेवर वर्षभर घरादारांत वाद चालतात. तरी तिथल्या जाणत्यांचेही अंदाज कसे कोसळतात याचा सर्वांत गाजलेला दाखला १९८४ सालचा आहे. त्या वर्षी व्यावसायिक संघांनी कॉलेजमधले खेळाडू निवडले, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टन विद्यापीठाचा सात फुटी सेंटर हकीम ओलाजुवान गेला. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने केंटकी विद्यापीठाचा सात फूट एक इंचाचा सॅम बोवी घेतला. तिसरा होता मायकेल जॉर्डन. पोर्टलंडला सेंटर हवा होता आणि बोवी उंच होता. पण कॉलेजात असतानाच पायाच्या नडगीच्या हाडाने त्याला दोन हंगाम घरी बसवले होते. तेच दुखणे पुढेही राहिले. पोर्टलंडकडून पाच वर्षांत मिळून तो १३९ सामने खेळला. तिथे एकाच हंगामात ८२ सामने असतात. इकडे ओलाजुवानने ह्यूस्टनच्या संघाला १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली.

ओलाजुवानकडे असे काय होते? तो नायजेरियातल्या लागोसचा. बास्केटबॉलला हात लावण्यापूर्वी तो शाळेत हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक असायचा. गोलरक्षकाला अर्ध्या क्षणात डावीकडे की उजवीकडे हे ठरवावे लागते, आणि ठरवण्याआधी पाय हलवावे लागतात. पुढे रिंगजवळ तो एक हुलकावणी देई आणि समोरचा भलताच बाजूला झेप घेऊन मोकळा होई. त्याची उंची सर्वांना दिसत होती, खेळवत होते ते त्याचे पाय.

म्हणून उंच मुलाला बघताना आधी खाली बघावे. पायांकडे. धावताना तो टाचांवर धावतो की चवड्यांवर? चेंडू मिळाल्यावर एका पायावर फिरताना तोल जातो का? आपल्याकडे शाळेत उंच मुलाला खो-खोत किंवा लंगडीत कोणी घेत नाही, कारण तो चटकन बाद होतो. खरे तर घ्यायला हवे ते त्यालाच. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात १९४२ च्या सुमारास जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा बेढब मुलगा आला. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीच्या उड्या मारायला लावल्या, हवेत ठोसे मारायला लावले आणि चक्क नाच शिकायला पाठवले. रिंगखाली डावीकडून एक, उजवीकडून एक असा चेंडू न थांबता टाकत राहण्याचा जो सराव त्याने केला, तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो आणि आपल्या कोर्टांवरही मुले तो करताना दिसतात. पुढे हा मायकन रिंगवरून खाली येणारे चेंडू वरच्यावर टोलवू लागला, तेव्हा १९४४ मध्ये कॉलेजच्या खेळात ती गोष्ट नियमाने बंद करावी लागली. व्यावसायिक खेळात रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांचा होता, तो १९५१ मध्ये बारा फुटांचा करण्यात आला, कारण हा गडी रिंगखाली बिऱ्हाड करून राही.

उंच माणसाला खेळाने दिलेली ही दाद आहे आणि ताकीदही. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत रिंगमध्ये वरून चेंडू कोंबण्यावर बंदी आली. तेव्हा कॅलिफोर्नियात ल्यू अल्सिंडॉर नावाचा सात फूट दोन इंचांचा विद्यार्थी खेळत होता आणि बंदी त्याच्यामुळेच आली असे सगळे मानत. त्याने कुरकुर करत न बसता एका हाताने कमान काढून चेंडू सोडण्याचा फटका घोटून घेतला. ती बंदी १९७६ मध्ये उठली. तोवर अल्सिंडॉर करीम अब्दुल जब्बार झाला होता, आणि १९८९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच फटक्याच्या जोरावर त्याने ३८,३८७ गुण केले. हा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. एक वाट बंद झाल्यावर जो दुसरी शोधतो, त्याचे खाते सहसा बुडीत जात नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे किती मिनिटे. किती गुण केले हे सगळेच विचारतात. किती मिनिटे टिकला हे कोणी विचारत नाही. याचे अलीकडचे उत्तम उदाहरण कॅनडातून अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात गेलेल्या झॅक इडीचे आहे. सात फूट चार इंच. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा हा मुलगा सोळाव्या वर्षाच्या आसपास बास्केटबॉलकडे वळला. कॉलेजात येताना देशातल्या नव्या खेळाडूंच्या यादीत त्याचा क्रमांक चारशेच्याही पुढे होता. पहिल्या वर्षी तो सामन्याच्या चाळीस मिनिटांपैकी सरासरी पंधराच मिनिटे खेळला. गुण सरासरी ८.७. दुसऱ्या वर्षी १९ मिनिटे आणि १४.४ गुण. तिसऱ्या वर्षी ३२ मिनिटे आणि २२.३ गुण. चौथ्या वर्षी २५.२. २०२३ आणि २०२४ असा सलग दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. उंची चारही वर्षे जवळजवळ तीच होती. वाढले ते फुप्फुसांचे बळ, आणि थकल्यावरही हात वर ठेवण्याची सवय. बँकेच्या भाषेत ही आवर्ती ठेव. महिन्याचा हप्ता लहान दिसतो, तो चुकवला नाही म्हणजे झाले.

त्याच सुमारास कनेक्टिकट विद्यापीठात डॉनोव्हन क्लिंगन नावाचा सात फूट दोन इंचांचा सेंटर होता. २०२२-२३ च्या हंगामात तो राखीव होता. त्याच्या पुढे मालीहून आलेला अदामा सानोगो खेळे, जो त्याच्यापेक्षा पाच इंचांनी बुटका पण अनुभवाने मोठा होता. क्लिंगन सामन्यात सरासरी तेरा मिनिटे खेळायचा आणि तेवढ्यात सात गुण करायचा. त्या वर्षी संघ विजेता ठरला, सानोगो व्यावसायिक खेळाकडे वळला आणि पुढच्या हंगामात क्लिंगन मुख्य सेंटर झाला. आपल्याकडे पालकांचा मोठा राग असतो, ‘आमच्या मुलाला बाकावर बसवतात’. बाकावर बसलेला मुलगा काय बघतो यावर त्याचा पुढचा हंगाम ठरतो. तो मोबाइल बघत असेल तर पालकांचा राग वाया जातो.

हे दोघे सेंटर ८ एप्रिल २०२४ रोजी अंतिम सामन्यात समोरासमोर आले. इडीने तब्बल ३७ गुण केले. क्लिंगनने ११. आणि सामना जिंकला कोणी? क्लिंगनच्या कनेक्टिकटने, ७५-६० असा. त्यांनी इडीला क्लिंगनच्या हवाली केले आणि बाकीच्या चौघांनी पर्ड्यूच्या लांबून नेम धरणाऱ्या मुलांना मोकळे होऊच दिले नाही. पर्ड्यूला अख्ख्या सामन्यात तीन गुणांची एकच बास्केट मिळाली. इडीचे सदतीस वजा केले तर उरलेल्या संघाचे गुण तेवीस. पुढे दोनच महिन्यांनी व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हा क्लिंगन सातवा गेला आणि इडी नववा. गुणांच्या रकान्यापलीकडे बघणारे लोक जगात असतात, ते असे.

तिसरी गोष्ट फ्री थ्रो. बोर्डापासून ४.६० मीटरवर रेषा, समोर कोणी आडवा नाही, घाई नाही. तरी उंच मुलांचा नेम तिथेच चुकतो. शकील ओनीलसारख्या बलाढ्य सेंटरचेही या रेषेवरचे यश सगळ्या कारकिर्दीत मिळून ५२.७ टक्के होते, म्हणजे जवळजवळ निम्मे चेंडू बाहेर. ओनीलला ते परवडले. आपल्या सहा फूट पाच इंचांच्या मुलाला परवडणारे नाही. फ्री थ्रो हा असा भाग आहे, की त्याला ना उंची लागते ना जोडीदार. सकाळी सातला कोर्टावर एकट्याने जाऊन शंभर चेंडू टाकले की झाले. म्हणूनच तो मुलाच्या उंचीपेक्षा मुलाबद्दल जास्त सांगतो.

आता उंचीवर बुटक्यांनी केलेली मात बघू. या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या उपनगरात येतो. विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले आणि जुहूला वाढलेले. शिकायला अमेरिकेत एमआयटीत गेले, संगणक व्यवसायात मोठे झाले. त्यांनी स्वतः बास्केटबॉल कधी खेळलेला नव्हता. कॅलिफोर्नियात मुलीच्या शाळकरी संघाचे प्रशिक्षक होण्याची वेळ आली, तेव्हा हातात आलेल्या बाराएक वर्षांच्या मुली ना उंच होत्या ना तरबेज. रणदिव्यांना एक गोष्ट समजेना. एका संघाने बास्केट केली की तो मागे पळत आपल्या अर्ध्यात जातो आणि समोरच्याला चेंडू घेऊन सावकाश येऊ देतो, हे का? त्यांनी मुलींना सांगितले, मागे जायचेच नाही. चेंडू आत फेकण्यासाठी पाच सेकंद आणि मध्यरेषा ओलांडण्यासाठी दहा सेकंद, एवढाच वेळ नियमात असतो. तेवढ्यात समोरच्याला गुदमरवून टाकायचे. सेंटरची उंची रिंगजवळ कामाची, पण चेंडू तिथपर्यंत पोहोचलाच नाही तर? या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. पत्रकार माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ही हकिकत जगभर गेली. पुढे २०१३ मध्ये रणदिवे यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा व्यावसायिक संघच घेतला, आणि ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी तो संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळला. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत मुख्यतः मुंबईची शाळकरी मुले होती, हजारोंनी.

वर सांगितलेल्या इडीलाही हा धडा मिळाला होता. १७ मार्च २०२३ रोजी त्याचा पर्ड्यू संघ पहिल्याच फेरीत फेअरली डिकिन्सन नावाच्या लहान विद्यापीठाकडून ६३-५८ असा हरला. तो संघ त्या वर्षी पहिल्या श्रेणीतल्या तीनशेहून अधिक संघांत सर्वांत बुटका होता. मुंबईला हे नवे नाही. नागपाड्याने भारताला कितीतरी खेळाडू दिले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर तिथलेच. त्या कोर्टांवर घडलेल्या मुलांची ख्याती वेगाची आणि हातचलाखीची, उंचीची नव्हे.

मग उंची निरुपयोगी का? मुळीच नाही. उंची हे भांडवल आहे. पण भांडवल आहे म्हणून धंदा चालतोच असे नाही, हे दादर-ठाण्याच्या कुठल्याही दुकानदाराला विचारावे. याच बाबतीत दोन पंजाबी मुलांच्या गोष्टी जोडीने ठेवण्यासारख्या आहेत. सिम भुल्लर कॅनडात जन्मलेला, सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून कॉलेजात खेळला आणि एप्रिल २०१५ मध्ये रणदिव्यांच्याच किंग्जकडून एनबीएत उतरला. असा मान मिळवणारा तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. एकंदर सामने खेळला तीन. दुसरा सतनाम सिंग, बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. जून २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा पहिलाच. मात्र तो कॉलेजच्या संघाकडून एकही हंगाम न खेळता थेट व्यावसायिकांत गेला होता. एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच्या गावात, त्याच्या वयात जे मिळाले त्यापेक्षा त्याने पुष्कळ मिळवले, यात शंका नाही. पण कॉलेजची ती तीन-चार वर्षे, जिथे माणूस आठवड्याला दोन सामने खेळून चुकतो आणि शिकतो, ती इडीला मिळाली, सतनामला मिळाली नाहीत. त्या वर्षांना पर्याय नसतो.

इथे घरच्या माणसांशी थोडे बोलायला हवे. बास्केटबॉल खेळल्याने किंवा दांड्याला लोंबकळल्याने उंची वाढते ही समजूत उपनगरांत अजून जोरात आहे. ती खरी नाही. बास्केटबॉल खेळणारे उंच दिसतात, कारण उंच मुलेच तिथे निवडली जातात. बालरोगतज्ज्ञ एक ढोबळ हिशेब सांगतात. आईवडिलांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि निम्मे करा. वडील १७० आणि आई १५७ असेल तर मुलाचे उत्तर १७० येते, मुलीचे १५७. प्रत्यक्ष उंची आठ-नऊ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते. हाडांच्या टोकांची वाढ मिटली की कुठल्याही डब्यातली पावडर ती उघडू शकत नाही.

उलट, ज्याची उंची या हिशेबाच्या फार पुढे गेली आहे, हातपाय शरीराच्या मानाने फारच लांब आहेत, बोटे लांब आणि सडपातळ आहेत, नजर फार कमी आहे, अशा मुलाला मैदानावर पिटाळण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवावे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचा सात फूट एक इंचाचा सेंटर आयझाया ऑस्टिन जून २०१४ मध्ये व्यावसायिक निवडीच्या उंबरठ्यावर होता. निवडीला काही दिवस उरले असताना तपासणीत त्याला मार्फान सिंड्रोम असल्याचे निघाले. या जन्मजात विकारात हृदयातून निघणारी महाधमनी कमकुवत असते आणि जोराच्या खेळात ती जिवावर बेतू शकते. त्याचे खेळणे तिथेच थांबले. काही वर्षांनी डॉक्टरांच्या परवानगीने तो परदेशात खेळूही लागला. पण तपासणी झाली नसती तर ही पुढची वर्षे त्याला मिळाली असती की नाही, कोण सांगणार? आपल्याकडे टूडी एको बोरिवलीत होतो, मुलुंडमध्ये होतो, सकाळी जाऊन दुपारी रिपोर्ट मिळतो. बुटांच्या एका जोडीपेक्षा तो फार महाग नाही. भराभर वाढणाऱ्या मुलाचा गुडघा वाटीच्या खाली दुखत असेल तर ‘नाटक करतो’ म्हणू नये. त्या वयात स्नायूच्या ओढीने हाडाचा तो भाग खरोखरच दुखतो, आणि विश्रांतीने बरा होतो.

आता तिघांकडे परत येऊ. माझ्यासारख्या जुन्या कारकुनी डोक्याच्या माणसाला विचाराल तर पुढच्या हंगामासाठी मी दुसऱ्या नमुन्यावर सही करीन. सहा फूट दोन इंचांचा तो रुंद मुलगा. त्याला कुठे उभे राहायचे ते कळते, तो फाऊल करून बाहेर जात नाही आणि लहानांना हाका मारून जागेवर आणतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत एवढ्यावर दोन फेऱ्या सहज निघतात.

सहा फूट पाच इंचांच्या मुलाला मी पुढच्या हंगामात दहा-बारा मिनिटेच खेळवीन. तीन वर्षांची मुदत ठेव म्हणून त्याच्याकडे बघेन आणि मुदतीपूर्वी मोडणार नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. पहिल्याच वर्षी त्याला चाळीस मिनिटे रिंगखाली उभा करतात, तो धडपडतो, प्रेक्षकांतून ‘ए खंबा’ अशी हाक येते आणि डिसेंबरात तो बूट काढून क्लासला जाऊ लागतो. उंची वाया जाते ती अशी.

आणि ती पाच फूट दहा इंचांची मुलगी? तिघांत सर्वांत मोठी आशा तिच्याकडून धरावी असे मला वाटते. मुलांमध्ये सहा फूट पाच इंच ही उंची राष्ट्रीय पातळीवर गेल्यावर साधारण ठरते. मुलींमध्ये पाच फूट दहा इंच सेंटर म्हणून थोडी कमी असली तरी ती चपळ असेल तर तिला वर जायला पुष्कळ वाव आहे. भारताच्या महिला बास्केटबॉलला रेल्वेने वर्षानुवर्षे नोकऱ्या दिल्या आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या मुलींचा दबदबा राहिला. केरळची सहा फूट दोन इंचांची सेंटर गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत होती. ती ऑस्ट्रेलियात खेळून आली, २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला व्यावसायिक संघांच्या चाचणीला गेली आणि पुढे अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. या खेळात मुलींच्या वाटेत समोरच्या संघाची सेंटर क्वचितच आडवी येते. आडवी येते ती बारावी, संध्याकाळी सातनंतरची लोकल आणि ‘एवढी उंच, त्यात खेळाने रापलेली, पुढे कसे व्हायचे’ असा मावशीचा सुस्कारा. पोक काढून चालणारी ही मुलगी कोर्टावर दोन्ही हात वर करून उभी राहते, तेव्हा तिची पाठ आपोआप सरळ होते. घरच्यांनी निदान एकदा येऊन हे बघावे.

पैशांचे म्हणाल तर या खेळात आपल्याकडे अजून भरवसा नाही. २०१५ मध्ये एक व्यावसायिक लीग सुरू झाली आणि काही हंगामांनी थांबली. नंतर नव्या आल्या. रेल्वे, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, तेल कंपन्या अशा मोजक्या ठिकाणी खेळाडूंना नोकऱ्या मिळाल्या. तेव्हा पदवी सोडून खेळ करा असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि पदवीसाठी खेळ सोडा असेही नाही. कॉलेजच्या वयात दोन्ही हप्ते भरता येतात; पहाटे उठावे लागते एवढेच.

पाऊस ओसरला की उपनगरांतली सिमेंटची कोर्टे वाळतील, कोपऱ्यातले शेवाळ कोणीतरी खरवडेल आणि सामने लागतील. प्रवेशाला तिकीट नसते. ज्यांच्या घरात दाराच्या चौकटीला डोके टेकणारे कोणी आहे त्यांनी एखाद्या संध्याकाळी जरूर जावे. गुण फलकावर असतातच. आपण जाळीपाशी उभे राहून तेवढे पाय बघावेत, मिनिटे मोजावीत, आणि आपल्या मुलाला बाहेर बसवल्यावर तो कुठे बघतो ते बघावे.